एक्सेलचा तक्ता छापायचा क्रम: सुरुवात कागदापासून, स्केल नंतर

सप्टेंबर उजाडला की हाउसिंग सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांची घाई सुरू होते, कारण आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, सभा उरकावी लागते. खजिनदाराचा मेंटेनन्सचा तक्ता स्क्रीनवर अगदी नीटनेटका असतो. छापून हातात आला की 'बाकी'चा कॉलम भलत्याच कागदावर गेलेला असतो, दुसऱ्या पानावर कुठला आकडा कशाचा ते कळत नाही, नाहीतर सगळं एका पानावर कोंबल्यामुळे अक्षरं मुंगीएवढी होतात.

यात सेटिंगपेक्षा क्रम जास्त चुकतो. आधी कंट्रोल-पी, मग 'फिट शीट ऑन वन पेज', ते वाचता येईना म्हणून मार्जिन शून्य, आणि शेवटी कॉलमशी झटापट, असा उलटा प्रवास होतो. खाली सुलटा क्रम दिला आहे.

उदाहरणाला दोन विंगच्या, प्रत्येकी ५६ फ्लॅटच्या सोसायटीचा तक्ता घेऊ. कॉलम वीस: अनुक्रमांक, फ्लॅट, सभासदाचं नाव, एप्रिल ते मार्च असे बारा महिने, मागील बाकी, व्याज, एकूण आकारणी, भरणा आणि बाकी. दुकानाची स्टॉक यादी असो, शाळेचं हजेरीपत्रक असो की लग्नातल्या आहेराची वही, क्रम हाच राहतो.

## १. कागद आणि प्रिंटर आधी ठरवा

छापणार कुठे? घरच्या प्रिंटरवर, ऑफिसात की झेरॉक्सच्या दुकानात? पान कुठे तुटेल हे एक्सेल निवडलेल्या प्रिंटरच्या मापाने ठरवतं. प्रिंटर बदलला की पानंही सरकतात. म्हणून फाइल उघडल्यावर पहिलं काम म्हणजे कंट्रोल-पी दाबून फक्त प्रिंटर निवडायचा आणि एस्केप दाबून परत यायचं. छापायचं अजून काही नाही.

मग 'पेज लेआऊट' टॅबमधल्या 'साइज'वर जाऊन ए-फोर निवडा. तिथे आधीपासून 'लेटर' असेल तर ते बदला. लेटर हे अमेरिकेतलं माप आहे, २१६ बाय २७९ मिमी. आपला ए-फोर २१० बाय २९७. लेटरवर बसवलेला तक्ता ए-फोरवर काढला की बाजूचे सहा मिलिमीटर कुठून तरी जातातच. ओरिएंटेशनमध्ये वीस कॉलमसाठी आडवा कागद, म्हणजे 'लँडस्केप'.

सावधान: 'जरा मोठा कागद घेऊ, लीगल' असं ठरलं तर आधी रिमवरचं माप वाचा. एक्सेलमधला लीगल ३५६ मिमी लांब आहे. आपल्याकडे लीगल म्हणून मिळणारा कागद बरेचदा ३४५ मिमीचा असतो. आडव्या कागदावर हे अकरा मिलिमीटर उजवीकडून कमी होतात, आणि उजवीकडे असतो 'बाकी'चा कॉलम. प्रिंटरच्या यादीत ३४५ मिमीचं माप वेगळं दिलेलं असेल तर तेच निवडा. नसेल तर ए-फोरवरच राहा.

मार्जिनही आत्ताच ठरवा. कागद डावीकडून पंच करून फाइलला लागणार असेल तर डावीकडे २.५ सेंमी, उजवीकडे १ सेंमी, वर-खाली १.९ सेंमी. नेहमीच्या दोन भोकांच्या पंचमध्ये भोकाचा मध्य कडेपासून १२ मिमीवर येतो, त्यामुळे पंचच्या बाजूला १ सेंमी मार्जिन ठेवलं तर भोक आकड्यातूनच जाणार.

## २. छापायची प्रत वेगळी काढा

खाली शीटच्या नावावर राइट क्लिक, 'मूव्ह ऑर कॉपी', 'क्रिएट अ कॉपी'वर टिक. नव्या शीटला 'छपाई' असं नाव द्या. यापुढची सगळी कापाकापी इथे. आकडे अंतिम झाल्यावरच ही प्रत काढा. नंतर मूळ शीटमध्ये केलेली दुरुस्ती प्रतीत आपोआप येत नाही.

आता साफसफाई. कंट्रोल-एंड दाबा. कर्सर तक्त्याच्या शेवटच्या सेलवर थांबला तर ठीक. तो खूप खाली किंवा उजवीकडे कुठेतरी गेला तर तिथे काहीतरी पडलंय: एखादी स्पेस, खाली हजार ओळींपर्यंत ओढून ठेवलेली बॉर्डर, किंवा रिकामं उत्तर देणारा फॉर्म्युला. कोऱ्या पानांचा गठ्ठा बाहेर पडतो तो यामुळेच. त्या ओळी आणि कॉलम पूर्ण निवडून डिलीट करा. नुसती डिलीट की दाबून मजकूर जातो, बॉर्डर तशीच राहते. म्हणून ओळींच्या आकड्यांवर राइट क्लिक करून 'डिलीट' घ्या, फाइल सेव्ह करा आणि पुन्हा कंट्रोल-एंड दाबून बघा.

फिल्टर लावलेला असेल तर काढा. फिल्टरने लपलेल्या ओळी छापल्या जात नाहीत आणि एक्सेल त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. 'फक्त थकबाकीदार' हा फिल्टर विसरून यादी सभेत वाटली, तर नियमित भरणारे लोक 'आमचं नाव कुठंय?' म्हणून उठतात, आणि ते बरोबरच आहे.

मात्र लपवण्याचा उपयोगही आहे. मोबाइल नंबर, ईमेल, भाडेकरूची माहिती असे कॉलम 'हाइड' करा. सभेत वाटलेला कागद पुढे कुठे जाईल ते आपल्या हातात नसतं.

तपासा: ओळींचे आकडे सलग आहेत का? ११ नंतर थेट १४ दिसत असेल तर मधल्या ओळी लपलेल्या आहेत.

## ३. कॉलमची रुंदी: खरी मेहनत इथे

हा टप्पा लोक गाळतात आणि मग पुढे स्केलकडून (छापताना तक्ता किती टक्क्यांवर आक्रसायचा ते माप) चमत्काराची अपेक्षा करतात. थोडं गणित करू.

आडव्या ए-फोरची रुंदी २९७ मिमी. मार्जिनचे ३५ मिमी वजा केले की २६२ उरतात. कॅलिब्री ११ हा मूळ फॉन्ट असेल तर एक्सेलचा न बदललेला कॉलम कागदावर साधारण १७ मिमी जागा घेतो. नावाचा कॉलम रुंदी २८ (अंदाजे २८ अंक मावतील इतकी) ठेवून ५३ मिमी आणि बाकीचे एकोणीस तसेच सोडले, तर तक्ता ३७६ मिमी होतो. तो २६२ मध्ये बसवायला एक्सेलला ६९ टक्क्यांवर यावं लागतं आणि ११ पॉइंटचं अक्षर साडेसात पॉइंटचं होतं. जोडाक्षरं, रफार, उकार या मापात गिचमिड होतात. त्याची झेरॉक्स काढली की संपलंच.

आता नुसत्या रुंद्या बदला. महिन्याच्या कॉलममध्ये '३,२५०.००' असेल तर आठ चिन्हं लागतात. पैसे काढून '३,२५०' ठेवलं की पाच. त्याला रुंदी ६ पुरते, म्हणजे सुमारे साडेबारा मिमी. शीर्षकात 'सप्टेंबर २०२४' ऐवजी 'सप्टें.' पुरे, वर्ष वरच्या मथळ्यात आहेच. अनुक्रमांकाला रुंदी ४, फ्लॅटला ६, शेवटच्या पाच रकमांना ९. तक्ता ३१३ मिमीवर आला. स्केल ८३ टक्के, अक्षर नऊ पॉइंटच्या वर. कागद तोच, कॉलम वीसच, पण चष्मा विसरलेल्या आजोबांनाही वाचता येईल.

बारा कॉलमची रुंदी एकदम बदलायला ते सगळे निवडून शीर्षकावर राइट क्लिक करा, 'कॉलम विड्थ', ६. एकेक ओढत बसू नका.

सावधान: पैसे लपवले म्हणजे ते हिशेबातून गेले असं नाही. व्याजाच्या कॉलममध्ये खरा आकडा ११२.५० असेल तर कागदावर ११३ दिसतो, पण बेरीज ११२.५० ची होते. कागदावरचे आकडे कॅल्क्युलेटरवर मिळवले की एकूण रक्कम दोन-चार रुपयांनी चुकते, आणि प्रत्येक सोसायटीत कॅल्क्युलेटर घेऊन बसणारा एक सभासद असतोच. व्याजाच्या फॉर्म्युल्यातच 'राऊंड' वापरून रक्कम पूर्ण रुपयात आणा. एक्सेलच्या ऑप्शन्समध्ये 'सेट प्रिसिजन ॲज डिस्प्लेड' नावाची सोय आहे, तिच्या वाटेला जाऊ नका. ती आकडे कायमचे बदलून टाकते.

मराठी मजकुराचं आणखी एक दुखणं म्हणजे ओळीची उंची. वेलांट्या आणि उकार वर-खाली जागा मागतात. मंगल फॉन्ट उंचीला ऐसपैस आहे. कोकिळा त्याच पॉइंटला बराच लहान दिसतो, तेव्हा दोन्ही फॉन्ट एका तक्त्यात मिसळू नका. निर्मला यूआय सगळीकडे एकसारखा लावला तर उत्तम. लांब नावांना 'रॅप टेक्स्ट' द्या आणि ओळीची उंची एक्सेलने सुचवली त्यापेक्षा थोडी वाढवा, कारण स्क्रीनवर पूर्ण दिसणारी दुसरी ओळ कागदावर कधीकधी अर्धी कापली जाते. मर्ज केलेल्या सेलची उंची आपोआप ठरत नाही, ती हातानेच द्यावी लागते. तक्त्याच्या आत मर्ज नकोच.

रंगही इथेच बघून घ्या. काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर थकबाकीचा लाल आकडा इतरांसारखाच करडा येतो, पिवळी पट्टी राखाडी होऊन आतला आकडा खाते. लाल ऐवजी ठळक अक्षर वापरा. रंगीत पट्ट्या बऱ्याच असतील तर 'पेज सेटअप'च्या 'शीट' टॅबवर 'ब्लॅक अँड व्हाइट'ला टिक करा, भरलेले रंग छपाईत येत नाहीत.

तपासा: कुठल्याही सेलमध्ये '####' नाही ना? आकडा कॉलमच्या कडांना अगदी टेकलेला असेल तरी रुंदी किंचित वाढवा. स्क्रीनवर जेमतेम बसलेला आकडा कागदावर '####' होऊ शकतो.

## ४. प्रिंट एरिया

प्रिंट एरिया म्हणजे शीटचा जेवढा भाग छापायचा तेवढा. मथळ्यापासून सहीच्या ओळीपर्यंत तक्ता निवडा. 'पेज लेआऊट', 'प्रिंट एरिया', 'सेट प्रिंट एरिया'. काम दोन सेकंदांचं आहे, पण ते पुढे नडतं. तक्त्याच्या मध्ये नवी ओळ घातली तर एरिया वाढतो. शेवटच्या ओळीखाली लिहिलं तर वाढत नाही, आणि ती ओळ छापलीच जात नाही. वर्षाअखेरीस आलेला नवा सभासद यादीतून गायब होतो तो असा. ओळी वाढल्या की एरिया नव्याने लावा.

तुटक दोन भाग एकाच एरियात निवडले तर ते दोन वेगळ्या पानांवर छापले जातात.

## ५. मथळा प्रत्येक पानावर

'फ्रीझ पेन्स' (खाली सरकतानाही वरच्या ओळी जागेवर ठेवणारी सोय) लावलं म्हणजे छापतानाही शीर्षक प्रत्येक पानावर येईल, हा समज फार पसरलेला आहे. एक्सेलमध्ये फ्रीझ फक्त स्क्रीनपुरतं असतं. गोंधळाचं एक कारण गूगल शीट्स असावं. तिथे प्रिंटच्या पर्यायांत 'रिपीट फ्रोझन रोज' आहे आणि फ्रीझ केलेल्या ओळी खरोखरच प्रत्येक पानावर येतात.

एक्सेलमध्ये 'पेज लेआऊट'वरच्या 'प्रिंट टायटल्स'वर क्लिक करा. 'रोज टू रिपीट ॲट टॉप'च्या चौकटीत कर्सर ठेवून मथळ्याच्या ओळी माउसने निवडा. ओके.

हीच खिडकी प्रिंट प्रिव्ह्यूमधल्या 'पेज सेटअप' दुव्यावरूनही उघडते, पण तिथे ही चौकट पुसट असते आणि काही निवडता येत नाही. तुमच्या एक्सेलमध्ये बिघाड नाही. मागे येऊन 'पेज लेआऊट'मधून जा. एकापेक्षा जास्त शीट निवडलेल्या असल्या तरी ती पुसटच राहते.

मथळा आवरता ठेवा. आपल्या उदाहरणात चार ओळी आहेत: सोसायटीचं नाव, नोंदणी क्रमांक, '३१ मार्च २०२५ अखेर' आणि कॉलमची नावं. याहून जास्त ओळी प्रत्येक पानावर आल्या तर त्या सभासदांची जागा खातात.

## ६. आता स्केल

'पेज लेआऊट'मधल्या 'स्केल टू फिट'मध्ये 'विड्थ' एक पान आणि 'हाइट' ऑटोमॅटिक. म्हणजे रुंदी एका पानात आणि लांबी लागेल तितकी.

'फिट शीट ऑन वन पेज' नको, कारण ते उंचीही एका पानात आणतं. आपल्या ११२ सभासदांचा तक्ता त्यासाठी सुमारे २३ टक्क्यांवर जाईल आणि अक्षर अडीच पॉइंटचं होईल. त्यासाठी भिंग वाटावं लागेल.

तपासा: 'पेज सेटअप' उघडून 'ॲडजस्ट टू'समोरची टक्केवारी बघा. ७५ च्या वर असेल तर पुढे चला. खाली असेल तर टप्पा ३ कडे परत, किंवा बारा महिन्यांऐवजी चार तिमाही दाखवा. महिनावार तपशील नोटिस बोर्डावर ए-थ्री कागदावर लावता येतो.

## ७. पान कुठे तुटतंय ते बघा

'व्ह्यू' टॅबमधलं 'पेज ब्रेक प्रिव्ह्यू' लावा. तुटक निळी रेघ एक्सेलने ठरवलेली, सलग निळी रेघ तुम्ही ठरवलेली.

इथे आपला तक्ता एक खोडी काढतो. ८३ टक्के स्केल आणि १८ पॉइंट उंचीच्या ओळी धरल्या तर एका पानावर ३२ ओळी मावतात. मथळ्याच्या चार गेल्या की २८ सभासद. एका विंगचे ५६ बरोबर दोन पानांत बसतात, आणि विंगची एकूण रक्कम एकटीच तिसऱ्या पानावर जाऊन बसते. वर चार ओळींचा मथळा, खाली एक बेरीज, बाकी कोरा कागद. उपाय सोपा आहे. ओळींची उंची १७ करा. आता पानावर ३० सभासद बसतात, दुसऱ्या पानावर २६ आणि त्याखाली बेरीज, सही, शिक्क्याला जागा उरते. मार्जिन कमी करण्यापेक्षा किंवा स्केल आणखी उतरवण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

दुसरी विंग नव्या पानावर हवी असेल तर तिच्या पहिल्या ओळीवर जा, 'ब्रेक्स', 'इन्सर्ट पेज ब्रेक'. 'फिट' चालू असताना हाताने घातलेले ब्रेक पाळले जातीलच असं नाही. म्हणून टप्पा ६ मध्ये दिसलेली टक्केवारी (आपल्याकडे ८३) लक्षात ठेवा, 'पेज सेटअप'मध्ये 'फिट टू'वरून 'ॲडजस्ट टू'वर या, तोच आकडा टाका आणि मग ब्रेक घाला. शेवटचा कॉलम बाहेर पडला तर ८२ करा.

## ८. हेडर-फूटर

फूटरमध्ये पान क्रमांक आणि एकूण पानं दोन्ही हवीत. गठ्ठा हातातून सटकला की त्याची किंमत कळते. 'पेज सेटअप', 'हेडर/फूटर', 'कस्टम फूटर' इथे दोन्हीची बटणं आहेत.

दोन खड्डे. तारखेचं बटण छपाईच्या दिवसाची तारीख टाकतं, त्यामुळे हिशेबाची तारीख तिथे नको, ती मथळ्यात हाताने लिहा. दुसरं म्हणजे '&' हे चिन्ह हेडरमध्ये एकदा लिहिलं तर छापत नाही, कारण एक्सेल त्याला आज्ञा समजतं. 'ए & बी विंग' हवं असेल तर ते दोनदा लिहा, नाहीतर सरळ 'व' वापरा.

## ९. दुकानात एक्सेल नाही, पीडीएफ न्या

'फाइल', 'एक्सपोर्ट', 'क्रिएट पीडीएफ'. एक्सेलची फाइल दुकानदाराला व्हॉट्सॲपवर पाठवायची आणि त्याने मोबाइलवरूनच प्रिंट द्यायचा, या प्रकारात वरचे आठही टप्पे पाण्यात जाऊ शकतात. त्याचा प्रिंटर वेगळा, फॉन्ट वेगळे. तुमच्याकडे लाखाचे स्वल्पविराम विंडोजच्या 'इंग्लिश (इंडिया)' सेटिंगमुळे येत असतील तर त्याच्या कॉम्प्युटरवर १,१२,५०० चे ११२,५०० होतील. आणि नावं श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील तर तो फॉन्ट नसलेल्या ठिकाणी 'कुलकर्णी' ऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटते. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच जातो.

पीडीएफ झाल्यावर ती उघडून शेवटच्या पानापर्यंत बघा. मग दुकानात 'ॲक्च्युअल साइज'ला काढा असं सांगा. 'फिट' ठेवलं तर तक्ता आणखी थोडा आक्रसतो.

## १०. आधी एकच प्रत

११२ प्रती एकदम सोडू नका. एक संच काढा आणि पहिलं पान सोडून दुसरं बघा, कारण पहिलं बहुधा बरोबरच असतं. दुसऱ्यावर मथळा आला का? विंग बदलते तिथे नवं पान झालं का? शेवटच्या पानावर बेरीज आणि सही एकत्र आहेत का? कुठल्याही तीन सभासदांची बाकी मूळ शीटशी ताडून पाहा.

दोन्ही बाजूंनी छापणार असाल तर कागद कुठून उलटायचा तेही सांगावं लागतं. आडवा कागद डावीकडून पंच होणार असेल तर 'फ्लिप ऑन शॉर्ट एज'. वरच्या लांब कडेने पंच होणार असेल तर 'फ्लिप ऑन लाँग एज', आणि मोठं मार्जिन वर. चुकलं की मागचं पान उलटं येतं. डावीकडून पंच केलेल्या दुहेरी छपाईत मागच्या पानाची भोकं उजव्या कडेला येतात. एक्सेलमध्ये पानागणिक मार्जिन आलटून-पालटून देण्याची सोय नाही, म्हणून डावी-उजवी दोन्ही २ सेंमी ठेवा आणि टक्केवारी एखाद्या आकड्याने उतरवून पुन्हा पीडीएफ काढा.

संच लावून हवे असतील तर 'कोलेटेड' निवडा. नाहीतर पहिल्या पानाच्या ११२ प्रती, मग दुसऱ्याच्या ११२ असा ढीग येतो आणि कमिटीची संध्याकाळ स्टेपलर मारण्यात जाते.

दोन-तीन शीट एकत्र छापण्यासाठी कंट्रोल दाबून निवडल्या असतील तर काम झाल्यावर शीटच्या नावावर राइट क्लिक करून 'अनग्रुप शीट्स' करा. तसंच राहिलं आणि तुम्ही एका शीटवर भरणा नोंदवला, तर तोच आकडा बाकी शीटवर त्याच सेलमध्ये जाऊन बसतो आणि तिथला जुना आकडा पुसला जातो.